गुच्छाला संदर्भ हवा

"काही प्रेक्षक म्हणे! कोण हे काही? कुठे राहतात? एकदा आणा त्यांना माझ्यासमोर!"

नळाच्या धारेवर आवाज चढवून मामा बाथरूममध्ये एकटेच भांडत होते. दाराबाहेर खांद्यावर टॉवेल टाकून त्यांची भाची उभी होती. घरात बाथरूम एकच, आणि मामांचा संताप तिथे आंघोळीपेक्षा जास्त वेळ घेत होता.

"मामा, मला दवाखाना उघडायचाय."

"उघड की. दवाखाने उघडतात, बंद होतात. माणसाची अब्रू एकदा गेली की..." नळ बंद झाला. मग जरा खालच्या पट्टीत, "तुमचं गरम पाणी संपलं वाटतं."

भाची दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसायची. फोन घ्यायचे, नंबर लावायचे आणि घाबरलेल्या माणसाला "अजिबात दुखणार नाही हं" असं सांगायचं, हे तिचं काम. हे वाक्य ती इतक्या मायेने म्हणायची की आत बोंब ठोकून बाहेर आलेली माणसंसुद्धा जाताना तिचे आभार मानत. वर्षानुवर्षं असं बोलून बोलून खोटं बोलताना तिचा चेहरा खऱ्यापेक्षा खरा दिसू लागला होता. पुढे जे झालं त्यात या गुणाचा मोठा हात आहे, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

मामा-मामी तिच्याकडे दोन दिवसांसाठी आले होते. त्यांच्या घरी भिंतीत पाणी झिरपत होतं. प्लंबर आला, त्याने भिंत फोडली आणि तो गायब झाला. मामा स्वतः जादूगार. उभ्या आयुष्यात त्यांनी रुमाल गायब केले, पत्ते गायब केले, एकदा मोठ्या साहेबांचं घड्याळ गायब केलं (ते परत यायला जरा वेळ लागला, पण आलं). अख्खा माणूस गायब करणं मात्र त्यांना कधी जमलं नव्हतं. ते त्या प्लंबरने भरदिवसा करून दाखवलं. दोन दिवसांचे आठवडे झाले.

तरी सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं. मग भाचीच्या नवऱ्याला एका संध्याकाळी कुठून अवदसा आठवली आणि तो मोबाइल नाचवत म्हणाला, "मामा, तुमच्यावर ज्ञानकोशात लेख आहे! इंटरनेटवरच्या! कुणीही वाचू शकतं, जगात कुठेही!"

मामांनी आधी शर्ट बदलला. गंजीफ्रॉकवर वाचण्यासारखी ही गोष्ट नव्हती. मग चष्मा पुसून, घसा साफ करून त्यांनी लेख मोठ्याने वाचायला घेतला. लेख म्हणजे चार वाक्यं. पहिल्यात ते जादूगार आहेत असं होतं. दुसऱ्यात शाळाशाळांतून त्यांचे प्रयोग झाले असं होतं. तिसऱ्यात त्यांच्या रिकाम्या टोपीतून पुष्पगुच्छ काढण्याच्या जादूचा उल्लेख होता, तिथे मामांनी मान हलवून दाद दिली. आणि चौथं वाक्य असं: 'मात्र हा गुच्छ टोपीतून निघण्याआधी बराच वेळ जादूगाराच्या बगलेत दिसतो, असे काही प्रेक्षकांचे निरीक्षण आहे.' त्यापुढे बारीक आकडा, आणि खाली एका मोठ्या दैनिकातल्या जुन्या परीक्षणाचा संदर्भ.

मामींनी टेबलक्लॉथची सुरकुती सरळ केली. ती सरळच होती. नवरा म्हणाला, "नेट स्लो आहे आज." त्याचा कशाशी काही संबंध नव्हता.

आता जे त्या खोलीत कोणी बोललं नाही, ते इथे सांगून टाकायला हवं. गुच्छ दिसायचा. कागदी फुलांचा, कोबीच्या गड्ड्याएवढा गुच्छ. तो दिसणार नाही तर काय होईल? मामा उजव्या हाताने टोपी उलटीसुलटी करून दाखवत आणि त्यांचा डावा हात, थर्मामीटर लावल्यासारखा, अंगाला घट्ट. कोपराच्या मागून लाल-पिवळ्या पाकळ्या डोकावत. घरातलं एखादं लहान मूल बोट दाखवून "तो बघा!" असं म्हणायला तोंड उघडी, आणि त्या उघड्या तोंडात कोणीतरी चटकन बिस्किट घाली. अशा दोन पिढ्या त्या घरात बिस्किटांवर वाढल्या. पुढे मोठ्या झाल्यावर त्यांनी आपापल्या पोरांच्या तोंडात बिस्किटं घातली. हा ठराव कुणी केला नव्हता. मामा गुच्छ काढत तेव्हा त्यांचा चेहरा असा काही उजळायचा की त्यांचा आनंद मोडायला कुणाची जीभ रेटायची नाही, एवढंच.

"तुला कधी दिसला गं?" मामांनी भाचीला विचारलं.

"अजिबात नाही हं," भाची म्हणाली. दवाखान्यातल्या आवाजात.

"मग झालं तर! ती ओळ काढून टाक. जोवर ती तिथे आहे, तोवर मी स्टेजवर पाऊल ठेवणार नाही." आणि त्यांनी जादूची बॅग बंद करून जेवणाच्या टेबलाखाली सरकवली. वाचनालयाचा वार्षिक कार्यक्रम तोंडावर आला होता. मामांचं नाव बोर्डावर लागलेलं होतं. त्यांनी फोन करून 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं कळवलंसुद्धा. वाचनालयवाले म्हणाले, महिन्याच्या शेवटच्या शनिवारपर्यंत वाट बघतो, मग गाण्याचा कार्यक्रम ठेवू.

या गोष्टीला आपण हसू. भाचीही पहिल्या दिवशी पदर तोंडाला लावून हसली. पण मामांची एक सवय होती. एका हातात चहाचा कप असला की दुसऱ्या हाताच्या बोटांवरून एक नाणं चालायचं. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत आणि परत. भाची लहान असताना त्या नाण्याकडे बघत बघत दूध प्यायची. आता मामा चहा घेत होते आणि त्यांचा दुसरा हात मांडीवर नुसता पडून होता. ते पाहिल्यावर तिचं हसू गेलं. तिने कॉम्प्युटर उघडला.

ज्ञानकोशात कुणालाही बदल करता येतो, एवढं तिला माहीत होतं. खातं उघडायला नाव हवं होतं. प्रामाणिक बाई, तिने 'मामांची भाची' असं नाव टाकलं आणि चौथं वाक्य खोडलं. झालं! इतकं सोपं! ती चहा टाकायला गेली. चहाला उकळी फुटायच्या आत वाक्य परत जागेवर. सोबत निरोप:

'नमस्कार. आपल्या योगदानाबद्दल मनःपूर्वक आभार. आपले योगदान काढून टाकले आहे. वाक्याला विश्वसनीय संदर्भ आहे. तसेच आपल्या सदस्यनावावरून लेखविषयाशी आपला हितसंबंध असावा असे वाटते. आपला, सदस्य पुराव्यानिशी.'

"हितसंबंध?" मामा गरजले. "भाची आहे ती माझी! संबंध असणारच!"

इथून भाचीचं शिक्षण सुरू झालं. दवाखान्यात दोन पेशंटांच्या मधल्या वेळात ती नियम वाचू लागली. नियम काही थोडेथोडके नव्हते. हयात व्यक्तींबद्दल लिहिताना तर फारच जपून लिहायचं. बरं असो की वाईट, संदर्भाशिवाय एक शब्द ठेवायचा नाही. ऐकीव चालत नाही. घरच्यांचं चालत नाही. स्वतः पाहिलेलं चालत नाही. कोणीतरी तिऱ्हाइताने, जबाबदारीने, कुठेतरी छापलेलं हवं.

"म्हणजे मी जिवंत आहे म्हणून एवढी काळजी?" मामांनी विचारलं.

"हो."

"आणि तरी बगल?"

"बगलेला संदर्भ आहे, मामा."

"मग मी मेलो तर?"

"तर नियम जरा सैल होतात म्हणे."

मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हयात असण्याचा एवढा त्रास मला आजवर कधी झाला नव्हता."

वाईट काढता येत नाही तर चांगलं भरावं, म्हणजे त्यात वाईट बुडून जाईल, अशी युक्ती नवऱ्याने काढली. भाजीत मीठ जास्त झालं की तो पाणी घालतो, त्यातला प्रकार. भाचीने लिहिलं, 'त्यांच्या हस्तकौशल्याने अनेक पिढ्या मंत्रमुग्ध झाल्या.' गेलं. 'ते अत्यंत मनमिळाऊ आहेत.' गेलं. 'त्यांनी एकदा एका मोठ्या साहेबांचे घड्याळ गायब केले.' हे तर नुसतं गेलं नाही. 'हयात व्यक्तीवर चोरीचा आरोप विनासंदर्भ करू नये' अशी ताकीद ठेवून गेलं.

मग नियमांतच एक फट सापडली. माणसाने स्वतःबद्दल, स्वतःच्या संकेतस्थळावर, बढाई न मारता सांगितलेली साधीसुधी माहिती चालते. नवऱ्याने एका दुपारी मामांचं संकेतस्थळ उभं केलं. मजकूर मामांनी सांगितला. आपण या कलेतले अग्रगण्य आहोत, आपलं नाव घेतल्याशिवाय जादूचा इतिहास पुरा होत नाही, आपल्याला कुत्री आवडतात आणि उकडलेला बटाटा आवडतो. सदस्य पुराव्यानिशीने सगळं नीट वाचलं आणि बटाटा ठेवला. कुत्रीसुद्धा राहिली नाहीत; त्या वाक्यात 'कुत्र्यांनाही मी आवडतो' असं मामांनी जोडलं होतं, ती बढाई ठरली.

लेखात आता बगल आणि बटाटा, दोन्ही होते.

"अगं, एकटीने काय लढतेस?" वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या. या काकूंचं आयुष्यात एकच तत्त्व होतं: माणसं गोळा करा. पाण्याची टाकी असो की कुणाचं लग्न मोडलेलं असो, काकू माणसं गोळा करत. "आपण सगळे मिळून लिहू की! बहुमतापुढे तो तुमचा पुराव्यानिशी काय करतो बघू."

मग काकूंनी 'सत्यवचनी' या नावाने खातं उघडलं. नवऱ्याने, जरा विचार करून, 'तटस्थ निरीक्षक' हे नाव घेतलं. काकूंच्या भिशीतल्या मैत्रिणींनी फुलांची नावं घेतली. दुपारी सगळ्यांनी लेखाच्या चर्चापानावर मतं मांडली. काकूंनी मजकूर फोनवरून सांगितला होता, त्यामुळे सत्यवचनी, तटस्थ निरीक्षक, मोगरा आणि जास्वंद या सर्वांना अगदी एकच गोष्ट, त्याच शब्दांत, एकाच दुपारी सुचली: 'मी पहिल्या रांगेत बसून पाहिले आहे, बगल रिकामी होती.'

त्यात आणखी एक बारीकशी अडचण. ही सगळी मंडळी भाचीच्या वायफायवर होती. तिचा पासवर्ड इमारतीत सगळ्यांना पाठ. खरं तर तो तिला स्वतःला आठवेना की ती काकूंना विचारायची. संध्याकाळी निर्णय आला. एकाच ठिकाणाहून एकच व्यक्ती अनेक नावांनी बाहुल्या नाचवत असल्याचा दाट संशय असल्याने त्या ठिकाणाहून येणारे सर्व बदल बंद करण्यात येत आहेत.

"एकच व्यक्ती?" नवरा दुखावला. "मी आणि काकू एकच व्यक्ती?"

तेवढ्यात दार धडाधड वाजलं. बाहेर तळमजल्यावरचे सर. निवृत्त प्राध्यापक, अतिशय सौम्य गृहस्थ, जिन्यात भेटले तर भिंतीला चिकटून वाट देणारे. आज त्यांचे केस उभे होते.

"माझी पाल अर्धी राहिलीय!" ते म्हणाले.

सगळे एकमेकांकडे बघू लागले.

सर गेली कित्येक वर्षं त्याच ज्ञानकोशात पालींवर लेख लिहीत होते. शांतपणे, संदर्भांसकट, एकामागून एक पाल. आणि तेही, अर्थातच, भाचीच्याच वायफायवर. "आज नेमका शेपटीपर्यंत आलो होतो," सर खुर्चीत बसत म्हणाले. त्यांच्या आवाजात असं काही होतं की मामींनी न विचारता त्यांच्यासाठी चहा टाकला.

सरांना सगळी हकिकत सांगितली. त्यांनी लेख वाचला, परीक्षण वाचलं, मामांकडे बघितलं, मामांच्या डाव्या हाताकडे बघितलं आणि चहात बघितलं. सरांनीही मामांची जादू पाहिली होती, इमारतीच्या गच्चीवर.

"नियमाप्रमाणे," ते सावकाश म्हणाले, "एका परीक्षणाच्या शेजारी दुसरं, नव्याने छापलेलं, वेगळं मत सांगणारं परीक्षण आलं, तर दोन्ही बाजू द्याव्या लागतील. पण ते तिऱ्हाइताने लिहिलेलं हवं. आणि कृपा करून आता कोणी फूल होऊ नका."

सरांनी आपल्या पालींची पुण्याई पणाला लावून बंदी उठवून घेतली. अट एकच: भाचीने लेखाला हात लावायचा नाही, चर्चापानावर सभ्यपणे बोलायचं.

आता तिऱ्हाईत आणायचा कुठून? तो खुर्चीत आपणहून येऊन बसला, म्हणजे बसली. त्याच मोठ्या दैनिकातली सांस्कृतिक पानावरची वार्ताहर अक्कलदाढ काढायला दवाखान्यात आली. भाचीने तिला मायेने सांगितलं, अजिबात दुखणार नाही हं. मग डॉक्टर सुई टोचून जबडा बधिर व्हायची वाट बघत बाहेर फोनवर गेले, तेव्हा भाची आत शिरली आणि तिने मामांची सगळी कीर्ती त्या बाईंच्या कानात ओतली. "लिहाल ना त्यांच्यावर?" बाईंच्या तोंडात कापसाचे बोळे होते. त्या "अँ" म्हणाल्या. भाचीने तो होकार धरला. डॉक्टरांनी नंतर तिला बाजूला घेऊन सुनावलं. "भूल दिलेल्या पेशंटकडून आपण काही कबूल करून घेत नाही, कळलं?"

पण बाई शब्दाच्या पक्क्या. आठवड्यात बातमी छापून आली, मामांच्या फोटोसकट. मामांनी पुन्हा शर्ट बदलला आणि मोठ्याने वाचायला घेतलं. ते जादूगार आहेत. शाळाशाळांतून प्रयोग. टोपीतला गुच्छ. त्यांना उकडलेला बटाटा आवडतो. 'मात्र हा गुच्छ बगलेत दिसतो, असे काही प्रेक्षकांचे निरीक्षण आहे.'

बाईंनी वेळेअभावी सगळं ज्ञानकोशातून उतरवलं होतं.

"म्हणजे आता," नवरा हिशोब करत म्हणाला, "बगलेला दोन संदर्भ झाले."

मामा उठून आत गेले. मामी त्यांच्या पाठोपाठ पाण्याचा ग्लास घेऊन गेल्या आणि तो तसाच भरलेला परत घेऊन आल्या.

त्या दिवशी भाचीला सदस्य पुराव्यानिशीबद्दल पहिल्यांदा माया वाटली. त्याने चर्चापानावर लिहिलं होतं: 'नवीन बातमी याच लेखावरून घेतलेली दिसते. आपणच आपल्याला दुजोरा देऊ शकत नाही. ग्राह्य नाही.' शत्रू असावा तर असा, तिला वाटलं. आपल्या विरुद्धचा पुरावासुद्धा त्याला कच्चा चालत नाही.

घरात मात्र अवघड होऊन बसलं. कुणी हसेना. एका सकाळी नवरा किल्ल्या शोधत सगळं घर धुंडाळून आला, आणि किल्ल्या त्याच्याच खिशात निघाल्या. "काखेत कळ..." एवढं तो बोलला आणि जागच्या जागी गोठला. मामा पेपर वाचत होते. पेपर हलला नाही. "कळकळीने शोधत होतो," नवरा म्हणाला आणि चप्पल न घालता ऑफिसला निघाला. जी म्हण माणूस सबंध आयुष्यात फार तर चारदा वापरतो, ती त्या घरात दिवसाला दहा वेळा ओठांवर येऊ लागली.

वार्ताहर बाई टाके काढायला आल्या, तेव्हा भाचीने बधिर न केलेल्या जबड्याला जाब विचारला. बाई वरमल्या. "चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. "आता असं करू. मी स्वतः येऊन प्रयोग बघते आणि जे दिसेल ते लिहिते. कुठे आहे पुढचा?"

पुढचा कुठेच नव्हता. मामा स्टेजवर पाऊल ठेवणार नव्हते आणि शनिवार परवावर आला होता. भाचीने घरी येऊन सांगितलं, मामांनी मान फिरवली. मामी भाजी निवडत बसल्या होत्या. या सगळ्या भानगडीत त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या; कोणी विचारलंच तर 'मला त्या कॉम्प्युटरातलं काही कळत नाही' म्हणायच्या. खाली बघत त्या म्हणाल्या, "घरातला हॉल म्हणजे काही स्टेज नव्हे."

मामांनी जरा वेळ छताकडे पाहिलं. मग वाकून टेबलाखालची बॅग ओढली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रयोग ठरला. काकूंना माणसं गोळा करायला सांगावं लागलं नाही. दुपारी त्यांनी आपल्या घरी सर्वांची तालीम घेतली. "मामांच्या डाव्या हाताकडे कोणी बघायचं नाही. खाज आली तरी नाही. टोपीकडे बघायचं. टोपी नसेल तेव्हा छताकडे बघायचं." नवऱ्याने हॉलच्या त्या बाजूचा दिवा काढून ठेवला. भाचीने सगळ्या खुर्च्या मामांच्या उजव्या हाताला अशा लावल्या की त्या भिंतीला भिडल्या. सर सर्वांत आधी येऊन, डोळे मिटून बसून राहिले. त्यांना खोटं पाहणं जमणार नव्हतं, म्हणून त्यांनी न पाहण्याचा मार्ग पत्करला.

वार्ताहर बाई उशिरा आल्या. खुर्च्या भरल्या होत्या. एकच स्टूल रिकामं होतं, खिडकीजवळ, अगदी मामांच्या डाव्या हाताच्या कोपऱ्यात, बाहेरचा सगळा उजेड पाठीशी घेऊन. भाची त्यांना उजवीकडे ओढत होती, तोवर बाई तिथे बसल्यासुद्धा.

आणि मामा सुरू झाले. काय सांगावं! दोरी कापली, जोडली. पत्ते काकूंच्या कानातून निघाले. नाणं बोटांवरून करंगळीपर्यंत चालत गेलं, तिथून उडून नवऱ्याच्या खिशात सापडलं. हे सगळं खरंच कुणाला कळलं नाही. मामांचे हात अजून तसेच होते. शेजारी मामी, हातात टोपी धरून, नेहमीच्या जागी उभ्या. मामांचे गाल लाल झाले होते. भाचीला वाटलं, इथेच थांबावं. पण मामींनी टोपी पुढे केली.

मामांनी ती उलटी केली, सुलटी केली. डावा हात अंगाला घट्ट मिटला. कोपरामागून पाकळ्यांनी डोकं वर काढलं. खोलीतली अर्धी माणसं छताकडे बघू लागली, आणि काकूंना तो ताण असह्य होऊन त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मागोमाग सगळ्यांनी. सरांनीसुद्धा, डोळे मिटून. गुच्छ अजून बगलेतच होता. टाळ्यांचा कडकडाट संपत आला तेव्हा कुठे तो टोपीतून निघाला, आणि त्या वेळी खोलीत चिडीचूप.

मामांना काही वावगं वाटलं नाही. ते आनंदाने थरथरत होते. गुच्छ उंच धरून ते बाईंना म्हणाले, "लिहा! एकाही माणसाला दिसला नाही म्हणून लिहा! विचारा सगळ्यांना!"

"नाही दिसला! मुळीच नाही!" सगळे एका सुरात म्हणाले.

बाईंनी मोबाइल काढला. गेल्या वेळी त्या पोळल्या होत्या. "छान. पण मी आता 'काही प्रेक्षक' असं नाही लिहिणार. कुणाचं तरी नाव लागेल. तुमचं लिहू, काकू? अमुकअमुक यांनी सांगितलं की बगलेत काही नव्हतं, असं?"

तोंडाने बोलणं वेगळं आणि छापून येणं वेगळं. काकूंचा चेहरा उतरला. "माझं कशाला?" त्या म्हणाल्या. "माझी जाऊ तो पेपर घेते. तिने पाहिलाय... म्हणजे ती उगाच काहीतरी बोलेल." सरांनी डोळे उघडले आणि "मी जरा पालीकडे..." असं पुटपुटत ते दाराकडे सरकले. नवऱ्याने दिवा परत लावायला घेतला. बाई भाचीकडे वळल्या. भाचीने तोंड उघडलं. ते मायाळू, खऱ्यापेक्षा खरं वाक्य जिभेवर तयार होतं. पण मामा तिच्याकडे बघत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिच्याच्याने ते बोलवेना.

मामांनी एकेकाकडे पाहिलं. हातातला गुच्छ हळूहळू खाली आला. मग ते मामींकडे वळले आणि हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "तू सांग गं. इतकी वर्षं अगदी शेजारी उभी असतेस. तू सांग यांना, आणि तुझं नाव लिहू दे."

मामींनी टोपी उलटी करून टेबलावर ठेवली.

"दिसतो, अहो," त्या म्हणाल्या. "चांगला लांबून दिसतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही दिसला होता. आमच्या शाळेच्या हॉलमध्ये, अगदी मागच्या रांगेतून. तेव्हा आपली ओळखसुद्धा नव्हती. म्हटलं, या माणसाला काही म्हणजे काही लपवता येणार नाही. म्हणून तर हो म्हणाले."